कोंबड्यांच्या भांड्याची चाचणी

माझे काका पाण्याचं भांडं विकत घेण्याआधी त्यावर बसतात. दुकानदाराची परवानगी वगैरे भानगड नाही. भांडं पालथं घालायचं, पँट गुडघ्यापाशी जरा वर ओढायची आणि पंच्याण्णव किलोचा देह त्यावर सावकाश ठेवून द्यायचा. मग मनातल्या मनात साठपर्यंत आकडे मोजायचे. भांडं टिकलं तर पुढची बोलणी. नाही टिकलं तर दुकानदाराकडे असं बघायचं, की बिचारा स्वतःच माफी मागतो.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. पंख्यांच्या कारखान्यात ते बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. कारखान्यात येणारी प्रत्येक वस्तू, बोल्ट असो की बादली, त्यांच्या टेबलावरून जायची. बसून, पाडून आणि उन्हात ठेवून पाहिल्याशिवाय ती आत जायची नाही. बोल्टवर ते कसे बसायचे हे मी कधी विचारलं नाही. तिथे सगळे त्यांना पाठीमागे ‘पास-नापास’ म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही. निवृत्तीच्या समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. मोठे साहेब भाषण करत होते तेव्हा काका ते घड्याळ उलटं करून कानाशी धरून बसले होते.

कारखान्यातून निघताना ते एक जुन्या छापाची नोंदवही घेऊन आले. वस्तू, तारीख, चाचणी, निकाल असे रकाने, आणि अगदी शेवटी ‘वापरणाऱ्याचा शेरा’. हा शेवटचा रकाना काका स्वतःच भरतात. बत्तीस वर्षं भरत आले. प्रत्येक पानावर एकच शब्द, ‘समाधानकारक’. मी एकदा म्हटलं, “काका, वापरणाऱ्याला विचारायचं असतं ना हे?” तर म्हणाले, “वापरणाऱ्याला विचारत बसलो असतो तर आमच्या गेटातून एक पंखा बाहेर पडला नसता.”

मी त्यांच्या वरच्या खोलीत राहते. सकाळी दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करते आणि दुपारी घरी येते. माझ्या गॅलरीतून खालचं परसदार सगळं दिसतं: कपडे धुवायचा दगड, नळ, मागची भिंत, भिंतीला टेकून खुराडं, आणि मावशीच्या सात कोंबड्या. एक लंगडी. एक तुरेवाली, तिला आपल्या तुऱ्याचा भलताच गर्व. एक मास्तरीण, जिच्या परवानगीशिवाय बाकीच्या दाणाही टिपत नाहीत. मावशी मोजकं बोलते. कोंबड्यांशी बोलते तेवढं ती आमच्याशी बोलली असती तर मला तिच्याविषयी बरंच काही कळलं असतं.

चार वर्षांपूर्वी मावशी दुसऱ्या एका भाचीच्या लग्नाला दोन दिवस गेली होती. मी तेव्हा इथे राहत नव्हते. कोंबड्या काकांवर सोपवल्या होत्या. काकांनी सकाळी आठला अॅल्युमिनियमचं पातेलं भरून ठेवलं, नोंदवहीत ‘पाणी दिले’ असं लिहून बरोबरची खूण केली आणि पेपर घेऊन पलंगावर आडवे झाले. कुठल्याशा कोंबडीने काठावर पाय दिला आणि पातेलं कलंडलं. ऊन मी म्हणत होतं. काका चारला उठून बाहेर आले तेव्हा तीन कोंबड्या भिंतीपाशी मरून पडल्या होत्या. पाणी दिलं होतं हे खरंच होतं. पाणी राहिलं का, असा रकाना वहीत नव्हता.

मावशी परत आली, तीन खड्डे तिने स्वतः खणले, आणि काकांना एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्या दिवसापासून ती एकही रात्र घराबाहेर राहिली नाही. लग्नं झाली, बारशी झाली, तिच्या सख्ख्या बहिणीची, म्हणजे माझ्या आईची, साठी झाली. मावशी सकाळी येऊन जेवून संध्याकाळी परत. काकाही त्या दिवसाबद्दल कधी काही बोलले नाहीत.

मग ताईचा फोन आला. ताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, बसने अकरा तासांच्या अंतरावर राहते. पहिलंच बाळंतपण, त्यात डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. फोन स्पीकरवर होता. ताई म्हणाली, “आई, तू येशील ना गं?” आणि मावशीने खिडकीतून खुराड्याकडे बघितलं. ताईला फोनवर ते दिसलं नसणार, पण ती घाईने म्हणाली, “नाही जमलं तरी चालेल.” मला असा संताप आला! सात कोंबड्या एकीकडे आणि पोटची पोर एकीकडे, आणि ही बाई विचार करतेय. पण काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझा संताप कुठे काढावा हेच कळेना.

शेवटी मावशी म्हणाली, “निघायचं तर पुढच्या पुढच्या रविवारी सकाळी. त्याआधी तीन दिवस मी पाण्याच्या भांड्याला हात लावणार नाही. तीन दिवस पाणी राहिलं, स्वच्छ राहिलं, तर जाईन.”

“बस्स?” काका म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. चार वर्षांनी कुणीतरी त्यांना चाचणी दिली होती.

पहिली आली ती गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी. पलीकडच्या गल्लीत एक जुनं घर पाडत होते, तिथून काकांनी ती फुकटात मिळवली आणि आणायला चार माणसं आणि हातगाडी लावली. स्वस्त आणि टिकाऊ यात तिला तोड नव्हती. काका तिच्यावर बसले, साठपर्यंत मोजलं, पास. गच्चीवरून पाडायची चाचणी त्या चौघांनी एकमुखाने नाकारली. पाणी भरलं. पाच मिनिटांत साती कोंबड्या डोणीच्या काठावर ओळीने बसल्या, तोंडं बाहेर आणि शेपट्या आत. संध्याकाळी त्या पाण्याचं काय झालं होतं ते मी सांगत नाही. डोणी उपडी करून धुवायची म्हटलं तर पुन्हा ते चौघे बोलवायला हवे होते. ती अजून तिथेच आहे, मावशी त्यावर कपड्यांची बादली ठेवते.

त्यानंतर पारदर्शक प्लॅस्टिकची उभी बरणी, खाली पसरट थाळी लावलेली. पाणी किती उरलंय ते लांबूनच दिसतं, म्हणून काका खूश. उन्हाची चाचणी घ्यायची म्हणून ती भर उन्हात ठेवली. पाचव्या दिवशी मावशीने बरणी उचलून उजेडात धरली. आत हिरवंगार. “शेवाळ छान आलंय,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. मग पत्र्याचा डबा आला, तो काकांनीच गंजेल म्हणून परत पाठवला. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला एव्हाना काकांना पाहिलं की आपलं स्टूल आत घ्यायला लागला होता.

पण गिऱ्हाईक पिच्छा सोडत नाही म्हटल्यावर त्यानेच एक बादली काढली. जाड, झाकणाची, आणि तळाला धातूची चार बारीक बोंडं. बोंडावर चोच मारली की थेंब गळतो. पाणी सांडत नाही, घाण आत जात नाही. “मोठमोठ्या पोल्ट्र्यांत हेच असतं, साहेब,” तो म्हणाला. काका बादलीवर बसले, पास. गच्चीवरून टाकली, ती उसळून कुंडीत जाऊन बसली. कुंडी नापास, बादली पास. उन्हात ठेवली, पास. काकांनी ती खुराड्यासमोर तारेने टांगली, नोंदवहीत तिन्ही निकाल लिहिले आणि शेवटच्या रकान्यात ‘समाधानकारक’.

मी दुपारी दवाखान्यातून आले तर कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या. लंगडी धुण्याच्या दगडाखालचं साबणाचं पाणी पीत होती. आणि काका झाकण काढून बादलीत वाकून बघत होते.

“काका, हे काय?”

“बघ, सकाळपासून थेंब कमी झालेला नाही,” काका अभिमानाने म्हणाले.

“अहो, कारण त्या प्यायल्याच नाहीत!”

काका सरळ झाले. “पण बादली पास आहे.”

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, “तुम्ही बसलात, तुम्ही पाडलीत, तुम्हीच शेरा लिहिलात. पाणी कोण पिणार आहे, तुम्ही? एकदा तरी त्यांच्याकडे बघितलंत का?” इतकं मोठ्याने बोलायला नको होतं. मावशी बाहेर आली. तिने एक पसरट परात आणली, पाणी भरून मास्तरणीसमोर ठेवली. साती जणी त्यावर तुटून पडल्या. बराच वेळ नुसता चोचींचा आवाज येत होता. मावशी उठली आणि म्हणाली, “पोरीला कळवते, जमत नाही म्हणून. तिकडेच एखादी बाई बघेल ती.”

काकांनी टांगलेली बादली सोडवली आणि खाली ठेवली. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी निवृत्तीच्या दिवशीही पाहिला नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटली.

“दोन दिवस थांब,” ते मावशीला म्हणाले. “गुरुवारपर्यंत. मग कळव.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातलं स्टूल परसात नेलं आणि बसले. नुसते बसले. पेपर नाही, भांडं नाही, मांडीवर नोंदवही आणि हातात पेन. मला वाटलं, मनाला लावून घेतलं. मी चहा घेऊन गेले तर वहीत लिहिलं होतं: ‘चोच बुडवतात, मान वर करतात, मग गिळतात. वर बघून पिण्याची सवय नाही. मास्तरीण प्यायल्याशिवाय इतर पीत नाहीत. पायांनी माती मागे उडवतात, ती भांड्यात पडते. तुरेवालीस उंचावर बसण्याचा नाद.’

“काका,” मी म्हटलं, “हे तर छान आहे.”

“बत्तीस वर्षांत पंख्याखाली बसलेल्या माणसाकडे कधी बघितलं नाही मी,” ते म्हणाले. “पंख्याकडेच बघत राहिलो.”

त्या संध्याकाळी त्यांनी घरातलाच तेलाचा रिकामा कॅन साबणाने तीनदा धुतला, आणि फुटलेल्या त्या कुंडीची प्लॅस्टिकची थाळी घेतली. कॅनला तोंडापाशी एक भोक पाडायचं, पाणी भरायचं, वर थाळी धरून सगळं उलटं करायचं. थाळीतलं पाणी भोकापर्यंत चढलं की आतून येणारं थांबतं. कोंबड्या पितात तसं पुन्हा येतं. काकांनी भोक पाडलं ते थाळीच्या काठापेक्षा वर. सगळं पाणी काठावरून वाहून त्यांच्या चपलांत गेलं. हार्डवेअरवाल्याने मागच्या भिंतीवरून डोकावून ओरडून सांगितलं, “साहेब, भोक काठाच्या खाली!” त्याला कुणी बोलावलं होतं देव जाणे, पण ओरडला ते बरं झालं. दुसऱ्या कॅनला भोक बरोबर पडलं. सवयीने काका कॅनवर बसले. तो फट्दिशी आत दबला. काका तसेच बसून राहिले, मग उठून त्यांनी तो आतून ठोकून सरळ केला आणि लिहिलं: ‘बसण्याची चाचणी: नापास. गरज नाही.’

गुरुवारी सकाळी भांडं भिंतीच्या सावलीत, विटांवर ठेवलं. कोंबडीच्या पाठीइतकी उंची, म्हणजे माती उडून आत यायला नको. मास्तरीण आली, तिने थाळीत डोळा घालून बघितलं, चोच बुडवली, मान वर केली. मग बाकीच्या आल्या. मी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. काकांनी मला गप्प राहायची खूण केली, त्या बिचकतील म्हणून.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. पाणी होतं आणि काचेसारखं स्वच्छ होतं. मावशीने खरोखर हात लावला नाही, पण दर थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. ताईचे दिवसातून दोन फोन. ती विचारायची, “आज काय झालं?” आणि आम्ही दोघी पोटातल्या बाळाबद्दल न बोलता पाण्याच्या कॅनबद्दल बोलायचो.

शनिवारी दुपारी मी जेवत होते. खालून धप्प असा आवाज आला. मी हात तसाच घेऊन गॅलरीत धावले. तुरेवाली कॅनच्या टोकावर चढली होती आणि कॅन तिच्यासकट खाली. पाणी मातीत जिरत होतं. आणि काका केव्हाच नळापाशी पोचले होते, एका पायात चप्पल, दुसरी स्टुलाखाली. कॅन भरला, थाळी लावली, उलटा करताना निम्मं पाणी सदऱ्यावर घेतलं, विटांवर ठेवला, वरून तार घेऊन भिंतीच्या खिळ्याला बांधला. दोन मिनिटंही झाली नसतील. मास्तरीण प्यायलासुद्धा लागली.

मग काकांनी मागे वळून पाहिलं. मावशी दारात उभी होती, ओले हात तसेच.

मी वरून ओरडले, “मावशी, काही नाही, नुसतं हललं!” आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते, आणि मला त्याची जराही खंत नाही.

“पडलं,” काका म्हणाले. त्यांनी ओल्या हाताने नोंदवही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, “शनिवार, दुपारी दोन वाजून पाच मिनिटे. भांडे पडले. निकाल: नापास.”

मी कपाळावर हात मारून घेतला, खरकटा. दोन मिनिटं थांबले असते तर! कोण बघणार होतं ती वही!

मावशी पायरी उतरून खाली आली. “पडलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“इथे. स्टुलावर.”

“काल दुपारी?”

“इथेच.”

“परवा?”

“अगं, इथेच. आणि कुठे असणार?”

“आणि त्या दिवशी?”

कुठल्या दिवशी ते कुणी विचारलं नाही. काकांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. “आत होतो,” ते म्हणाले. “पेपर वाचता वाचता झोप लागली. त्या ओरडल्या असतील. मला ऐकू आलं नाही.” मग म्हणाले, “चुकलं माझं.”

मावशीने वाकून स्टुलाखालची चप्पल काढली, काकांच्या पायापाशी ठेवली आणि आत गेली. थोड्या वेळाने पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला.

काकांनी वर माझ्याकडे पाहिलं. “ती बॅग काढतेय का?”

“हो.”

“पण भांडं नापास आहे!”

“काका,” मी म्हटलं, “आता एक शब्द बोलू नका.”

रविवारी पहाटेच्या बसने मावशी गेली. बॅग बसमध्ये चढवण्याआधी काकांनी तिचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. मावशी खिडकीतून म्हणाली, “लंगडी उशिरा येते, तिच्यासाठी पाणी उरू द्या.” काका म्हणाले, “लिहून ठेवलंय.” ताईला मी फोन केला तेव्हा ती नुसती रडली, आणि मग मीही.

आम्ही घरी आलो. काका आधी परसात गेले. नोंदवही स्टुलावर ठेवलेली होती, उघडी. शनिवारच्या ओळीत शेवटचा रकाना काकांनी भरला नव्हता. तिथे मावशीचं मोठं, थोडं तिरकं अक्षर होतं. जागा पुरली नाही म्हणून समासात गेलेलं:

‘भांडे पडते. माणूस जागा आहे. समाधानकारक.’

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, मग डोळ्यांवर घेऊन वाचलं. नाक ओढलं. मी नळाकडे बघत राहिले.

“सही करायची राहिली तिची,” ते म्हणाले. “आल्यावर घेईन.”

मग त्यांनी थाळीतलं पाणी बोट बुडवून पाहिलं, स्टूल सावलीत ओढलं आणि बसले. लंगडी अजून यायची होती.